तिरंगा काठीवर, मावळ अंगावर

आषाढात भाताची लावणी आवरत आली की मावळातल्या शाळांत, मंडळांत आणि लेझीम पथकांत एक विषय हमखास निघतो : यंदा 15 ऑगस्टला अंगावर काय घालायचं? कुणीतरी मोबाइलवर तिरंगी फेट्यांचा फोटो दाखवतो. "चाळीस घेतले तर स्वस्तात देतोय," असं सांगतो. पाच मिनिटांत ठरतं आणि बैठक चहाकडे वळते. मी कामशेत भागात शिवणकाम करते. पथकांचे सदरे, बंड्या, मुलींच्या शिवलेल्या नऊवाऱ्या माझ्या मशीनवरून गेलेल्या आहेत. त्या पाच मिनिटांत जे निसटतं ते पुढे वर्षभर खटकत राहतं, हे मी पाहिलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी आमचं पथक ध्वजवंदनाला लोहगडावर गेलं होतं. डोक्याला तिरंगी फेटे, पदरावर छापलेलं निळं चक्र. लोहगडवाडीतून पायऱ्या चढायला लागलो तेव्हा भुरभुर होती. गणेश दरवाजा ओलांडेपर्यंत सर आली, आणि नारायण दरवाजापाशी केशरी आणि हिरवा दोन्ही रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरून गढूळ ओघळ मुलांच्या कपाळावरून गालावर आले. एक लहान मुलगा फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसत होता. शेमल्यावर नेमकं चक्र होतं. गावातले एक निवृत्त सुभेदार आमच्याबरोबर होते. त्यांनी त्या मुलाच्या हातातून शेमला हळूच सोडवला, स्वतःचा रुमाल दिला आणि एवढंच म्हणाले, "बाळा, हा झेंडा आहे. ह्याने तोंड नाही पुसायचं." मुलाला काही कळलं नाही, आणि चूक त्याची नव्हतीच. झेंडा त्याच्या डोक्याला आम्ही बांधला होता.

तेव्हा पहिली गोष्ट कायद्याची. राष्ट्रध्वजाचा अवमान रोखणारा कायदा 1971 चा आहे आणि 2005 मध्ये त्यात पोशाखासंबंधी दुरुस्ती झाली. कमरेखाली घालायच्या कोणत्याही पोशाखात, गणवेशात किंवा त्याच्या साजात राष्ट्रध्वज वापरणं हा अवमान ठरतो. उशी, हातरुमाल, नॅपकिन, आतले कपडे किंवा अंगावर घालायचं कुठलंही कापड यांवर ध्वज छापणं किंवा भरतकामाने काढणं हाही अवमान आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि "ध्वज" म्हणजे फक्त काठीवरचा खादीचा ध्वज असं कायदा म्हणत नाही. ध्वजाचं चित्र, ध्वजाचा एखादा भाग, कुठल्याही वस्तूवर दिसेल अशी त्याची प्रतिकृती, सगळं त्यात येतं. छापील चक्राचा तिरंगी फेटा यात कुठे बसतो, हे वाचणाऱ्याने स्वतःच ताडून पाहावं. सारनाथच्या सिंहांची राजमुद्रा तर टोपीवर किंवा बिल्ल्यावर मुळीच नको. तिच्या वापरासाठी 2005 चा वेगळा कायदा आहे.

रंगांना मात्र कायद्याची मनाई नाही. केशरी सदरा, हिरवी साडी, पांढरा लेंगा खुशाल घाला. अडचण येते ती तिन्ही रंग त्याच क्रमाने, सारख्याच रुंदीने, शेजारीशेजारी आले की. मग चक्र नसलं तरी बघणाऱ्याला झेंडाच दिसतो. शिवणारी म्हणून मी माझ्यापुरता नियम केला आहे : वीस पावलांवरून झेंडा वाटला तर ते कापड मी कापत नाही.

हा पेच आपलाच आहे असं नाही. अमेरिकेत स्कॉटिश वंशाचे लाखो लोक आहेत. सणासमारंभाला, पाइप बँडमध्ये, लग्नात त्यांचे पुरुष किल्ट घालतात. गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्या असलेला हा लोकरीचा पोशाख कमरेखालचाच. त्याचं कापड म्हणजे टार्टन, आपल्या भाषेत चौकडा. स्कॉटलंडमध्ये चौकड्यावरून घराणं आणि मुलूख ओळखायची रीत आहे. 1746 मध्ये इंग्रज सरकारने डोंगरी स्कॉट पुरुषांच्या ह्या पोशाखावर बंदी घातली आणि ती 1782 पर्यंत टिकली, यावरून त्या कापडाचं वजन लक्षात येईल. आता अमेरिकेत जन्मलेल्या ज्याला आजोबांचा किल्ट घालायचा आहे आणि आपला देशही दाखवायचा आहे, त्याने काय करावं? तिथली ध्वजसंहिताही सांगते की राष्ट्रध्वज पोशाख म्हणून वापरू नये. त्यांनी वाट काढली ती विणीतून. लाल, पांढरा आणि निळा हे रंग घेतले, तारे आणि पट्टे सोडून दिले, आणि रंग उभ्या-आडव्या धाग्यांत असे वाटले की देशाची आठवण यावी पण झेंडा दिसू नये. 1976 मध्ये स्वातंत्र्याला 200 वर्षं झाली त्या निमित्ताने असं एक टार्टन निघालं.

मला त्याहून जास्त आवडतात ती तिथल्या राज्यांची टार्टन. वॉशिंग्टन राज्याने 1991 मध्ये आपलं टार्टन कायद्याने ठरवलं. त्यात झेंड्याचे रंग शोधत बसायची गरज नाही. हिरवी जमीन तिथल्या सदाहरित जंगलांसाठी, निळा नद्या, सरोवरं आणि समुद्रासाठी, पांढरा बर्फाच्या शिखरांसाठी, तांबडा सफरचंद आणि चेरीसाठी, पिवळा गव्हासाठी, आणि काळा सेंट हेलन्स डोंगरातल्या ज्वालामुखीच्या उद्रेकासाठी. आपली भूमीच त्यांनी धाग्यात मोजून घेतली. पथकाचं कापड निवडताना मला हीच रीत हवी असते. तिरंगा काठीवर डौलाने फडकू दे. अंगावर मावळ येऊ दे.

मग मावळाचे रंग कोणते? ह्या बैठकीला पाच मिनिटं पुरत नाहीत. एक संध्याकाळ काढा, आणि मोबाइल बाजूला ठेवून आठवा. ऑगस्टमध्ये नाणे मावळात उभं राहिलं की खाचरातलं भात पोपटी दिसतं, आणि दिवाळीच्या तोंडाला तेच इंद्रायणी भात लोंब्यांनी पिवळं-सोनेरी होतं. (इंद्रायणी वाणही आमच्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातला, 1987 चा.) विसापूरचा, तुंग-तिकोन्याचा कातळ पावसात शेवाळी काळा. गणपतीनंतर पठारावर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी. सात वर्षांनी एकदा कारवी फुलते तेव्हा उतारांना चढणारा जांभळा. खंडाळ्याच्या घाटातलं धुकं, ज्याला पांढरं म्हणता येत नाही आणि राखाडीही म्हणवत नाही. आमच्या आया अशा रंगाला मोतिया म्हणायच्या. एकविरेच्या गडावर चैत्रात वर चढणारा कोळी-आगऱ्यांचा रंगीबेरंगी लोंढा. आणि ह्या सगळ्यात केशरी एका बारीक रेघेसारखा.

दुकानात रंग मागताना मराठी नावांनी मागा. केशरी, भगवा, शेंदरी आणि अबोली हे चार वेगळे रंग आहेत. "ऑरेंज द्या" म्हटलं की चारांतला जो गठ्ठ्यात उरला असेल तो मिळतो. भगव्यात गेरूची छटा असते, केशरीत पिवळ्याची, शेंदरीत तांबड्याची. राष्ट्रध्वजातला वरचा रंग केशरी, जरीपटक्याचा भगवा. शिवजयंतीला भगवा आणि 15 ऑगस्टला केशरी असा भेद पाळता आला तर पाळा. नजर असलेल्या माणसाला तो दिसतो. हिरव्यात पोपटी, शेवाळी, रामा आणि मोरपंखी यांत गोंधळ होतो. निळ्यात ध्वजचक्राचा गडद निळा वेगळा आणि चिंतामणी वेगळा. फोनवर रंग ठरवू नका. पडदा प्रत्येक मोबाइलवर खोटं बोलतो. वीतभर नमुना मागवा, तो दुपारी उन्हात पाहा, मग ढगाळ हवेत पाहा. आपल्याकडे ऑगस्टमध्ये ऊन असतंच किती? धुक्यात पांढरा आणि मोतिया विरून जातात, केशरी आणि पिवळा टिकतात. लोहगडावर मुलांची रांग लांबून मोजता यावी असं वाटत असेल तर डोक्यावर हेच रंग हवेत. हे मी सुरक्षिततेसाठीही सांगते आहे. त्या वाटेवर धुक्यात मुलं चुकतात.

आता विणीचं. चौकडा विणायचा तर ताण्यात जे रंग उभे लावले तेच बाण्यात आडवे टाकतात. एकच रंग एकमेकांवरून गेला की तो निर्भेळ दिसतो, दोन रंग एकमेकांना छेदले की तिसरी छटा तयार होते. तीन रंगांतून अशा सहा छटा निघतात, पाचांतून 15. म्हणून रंग जितके जास्त तितका चौकडा धूसर होत जातो. आणि तिरंग्याच्या रंगांची खरी अडचण इथे आहे : केशरी आणि हिरवा एकमेकांना छेदले की मातकट खाकी येतो. केशरी आडवा जाताना वाटेतले सगळे हिरवे उभे धागे ओलांडणारच. दोन्ही रंग सारख्या रुंदीचे घेतले तर अर्धं कापड मळल्यासारखं दिसतं. उपाय असा की हिरवा रुंद ठेवा, केशरी बारीक, आणि केशरीच्या दोन्ही बाजूंना मोतियाची कड द्या, म्हणजे रेघ उठून दिसते.

आपल्या विणकरांकडे याहून चांगला उपाय शतकानुशतकं आहे, आणि तो आहे काठ. विदर्भातल्या करवतकाठी साडीत तीन धोटे चालतात : एक अंगासाठी, दोन दोन्ही काठांसाठी. काठाचा आडवा धागा काठाच्या हद्दीतच वळतो आणि अंगाच्या धाग्यात अडकून परत फिरतो. त्यामुळे अंगाचा रंग काठात शिरत नाही आणि काठाचा अंगात जात नाही. केशरी इथे ठेवा. अंग शेवाळी किंवा काळपट चौकड्याचं, काठ केशरी. इरकल साडीही पाहा : अंगावर बारीक चौकडे किंवा पट्टे, काठ वेगळ्या रंगाचा आणि पदर तांबडा-पांढरा. ही साडी इलकलची, म्हणजे आज कर्नाटकातली, पण देशावरच्या कितीतरी घरांत ती रोजची होती. आमच्याकडे लेझीमच्या मुलींना नऊवारी शिवायची असते तेव्हा मी इरकलच सुचवते. जरीच्या काठासारखी पावसात चुरगळत नाही आणि नाचताना अंगाला नीट बसते.

पथकासाठी स्वतःचा चौकडा विणून घ्यायचा विचार असेल तर धाग्यांचा हिशेब असा मांडा. माझ्या वहीतला एक नमुना देते : 48 धागे शेवाळी, 16 काळे, 4 मोतिया, 6 केशरी, 4 मोतिया, पुन्हा 16 काळे. एकूण 94. कापड इंचाला 60 धाग्यांचं असेल तर एक चौकडा दीड इंचाहून थोडा मोठा येतो. बंडीला आणि उपरण्याला हे माप चांगलं दिसतं. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी धागे निम्मे करा, कारण मोठा चौकडा लहान अंगावर पूर्ण उमटत नाही, छातीवर एक तुकडा आणि पाठीवर दुसरा असं दिसतं. शिवायला देताना प्रत्येक कपड्यामागे निदान दोन-तीन चौकड्यांचं कापड जास्त द्या. पुढचे दोन पल्ले, खिसा आणि खांदा जुळवायचे तर ते लागतं. जुळवणी न केलेला चौकडा कितीही सुंदर असला तरी अंगावर वाकडा दिसतो, आणि त्याचा दोष शिंप्याला लागतो.

वेळेचा हिशेब आणखी महत्त्वाचा. समजा 40 जणांचं पथक आहे आणि प्रत्येकाला 3 मीटर कापड लागतं. म्हणजे 120 मीटर. हातमागावर दिवसाला पाच मीटर निघतात असं धरलं तरी एका मागाला 24 दिवस लागतात, आणि त्याआधी सूत रंगवणं, ताणा भरणं वेगळं. 15 ऑगस्टसाठी मे महिन्यात बोलायला हवं. जुलैत सुरुवात केली तर यंत्रमागाशिवाय पर्याय राहत नाही. ते कमीपणाचं नाही, पण नमुना कमीत कमी किती मीटरचा विणून मिळेल हे आधी विचारा. थोड्या कापडासाठी यंत्रमाग सहसा लावत नाहीत. खरेदीला 7 ऑगस्टचा राष्ट्रीय हातमाग दिवस चांगला मुहूर्त आहे असं वाटेल, पण शिवायला मग आठवडाच उरतो. तो दिवस पुढच्या वर्षाच्या कापडाचा नमुना निवडायला ठेवा. त्या तारखेला 1905 मध्ये कलकत्त्यात स्वदेशीची हाक दिली गेली, आणि त्याच वर्षी पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. आमच्या तळेगावात 1908 मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला तो माणशी एक पैसा जमवून. देशासाठी वस्तू विकत घेण्याआधी ती कुणी केली, कुठे केली हे विचारायची सवय मावळाला तेव्हापासूनची आहे. हातमागाच्या कापडावर हातमाग खूण आणि खादीवर खादी खूण पाहा. विकणाऱ्याला ती दाखवायला सांगण्यात संकोच नको.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा 15 ऑगस्टच्या अलीकडे-पलीकडे. म्हणून नमुना हातात आला की रंगाची परीक्षा घ्या. पांढरा सुती रुमाल ओला करून कापडावर दहा वेळा जोरात घासा. रुमालावर रंग आला तर ते कापड डोक्याला किंवा पांढऱ्या सदऱ्यावर नको. मग तुकडा पांढऱ्या कापडासोबत रात्रभर पाण्यात ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की कच्चा रंग पक्का होतो असं सांगणारे अजून भेटतात. होत नाही. त्याऐवजी विणकराला विचारा की रंग वॅटचा आहे का. वॅटचा रंग पाण्याने हलत नाही. आणि सुती कापड शिवण्याआधी एकदा भिजवून वाळवा. पहिल्या धुण्यात ते आटतं, आणि आटलेल्या बाह्यांनी लेझीमचा हात वर जात नाही.

डोक्याचं स्वतंत्र सांगते. फेटा निवडण्याआधी एकदा कार्ल्याला जाऊन या. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जी दांपत्यं कोरली आहेत त्यांतल्या पुरुषांची डोकी पाहा. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं गुंडाळलेलं कापड आणि पुढे मोठी गाठ. त्या कापडावर कसलंही चिन्ह नाही, तरी माणूस कुठल्या दर्जाचा, किती उमदा, ते बांधणीवरून कळतं. मग भाज्याला उतरा आणि तिथल्या कोरीवकामातही तेच पाहा. पथकाच्या फेट्याला म्हणूनच एक रंग पुरतो, हवं तर एखादा बारीक काठ. पथक ओळखलं जातं ते सगळ्यांच्या तुऱ्याची उंची एकसारखी असण्यावरून आणि शेमला एकाच बाजूला सोडलेला असण्यावरून. त्यासाठी पथकातले दोघे-तिघे बांधणी शिकले पाहिजेत. तयार, शिवलेले फेटे पावसाळ्यात घेऊ नका : आत पुठ्ठा असतो, तो पहिल्या सरीत भिजून लोळतो. मीटरभर पन्ह्याचं, सहा-आठ मीटरचं मलमल किंवा वॉइल घ्या. जाड सुती कापड स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी धरतं, आणि ओल्या फेट्याने लहान मुलांची मान दुखते. दहा वर्षांखालच्या मुलांना टोपी द्या.

26 जानेवारीची पहाट कोरडी आणि गार असते. तेव्हा जाड खादी, लोकरीची बंडी, पूर्ण बाही चालते. 1 मेला महाराष्ट्र दिनी उन्हाचा ताव असतो. पांढरं सुती आणि डोक्याला केशरी, एवढं पुरे.

19 फेब्रुवारीबद्दल मात्र कळकळीने सांगायचं आहे. शिवजयंतीला मावळातली मुलं गडावरून मशाल पेटवून शिवज्योत घेऊन गावापर्यंत धावतात. रात्रीची, पहाटेची ही दौड मला मनापासून आवडते. पण ह्या मुलांच्या अंगावर पॉलिस्टर असतं, कारण ते स्वस्त आणि चकाकतं. ज्योतीची ठिणगी पडली की पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुती कापडही पेट घेतं, पण ते अंगावरून ओढून काढता येतं. मशाल धरणाऱ्याला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धावणाऱ्यांना सुतीच द्या, तेही अंगासरसं. उपरणं नको, लोंबता शेमला नको. फेटा बांधायचा असेल तर शेमला आत खोचा. पाठीमागच्या टेम्पोत पाण्याचा ड्रम आणि एक ओलं पोतं असू द्या. गेल्या वर्षी आमच्या गावात एका मुलाच्या पॉलिस्टरच्या झब्ब्याला ठिणगीने भोक पडलं आणि हात भाजला. लहानशी इजा होती, पण त्याच्या आईच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते विसरता येत नाही.

आणि घोंगडी. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची घोंगडी हे आपल्या डोंगराचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खरं कापड आहे. तिला रंग लागत नाही, लोकर मुळातच काळी. सणगर विणतात आणि वर चिंचोक्याची खळ देतात. पावसात भात लावताना पाठीवर इरलं आणि बांधावर बसताना अंगावर घोंगडी, हे चित्र आमच्या आजीच्या पिढीत रोजचं होतं. मावळ्याची वेशभूषा करायची तर नकली चिलखत आणि प्लॅस्टिकच्या ढालीऐवजी खांद्यावर खरं कांबळं द्या. मुलं एकदम वेगळी दिसतात, खांदे ताठ होतात. फक्त एक लक्षात ठेवा : घोंगडी सर झेलते, पण भिजली की जड होते आणि वाळायला दोन दिवस घेते. पूर्ण पथकाला नको. पुढे चालणाऱ्या चौघांच्या खांद्यावर शोभते.

परदेशातल्या आपल्या नातेवाइकांकडूनही हल्ली विचारणा येते. अमेरिकेत मराठी मंडळं आणि ढोल-ताशा पथकं कितीतरी शहरांत आहेत, आणि ऑगस्टमधल्या मिरवणुकांना त्यांना भारतीय दिसायचं असतं. माझ्याकडून त्यांना एकच सल्ला जातो : दोन्ही देशांचे ध्वज काठीवर घ्या, अंगावर कुठलाही नको. दोन्हीकडचे नियम हेच सांगतात. बायकांना इरकल, पुरुषांना एका रंगाचा फेटा आणि चौकड्याचं उपरणं. शेजारच्या पथकात किल्ट घातलेला माणूस असेल तर त्याच्याशी जरूर बोला. आपल्या उपरण्यात केशरी का बारीक ठेवला, हे त्याला लगेच समजेल. भारतीय सैन्याच्या पाइप बँडांतही खांद्यावर चौकड्याचं कापड असतं, म्हणजे आपली ओळख काही आजची नाही.

गडावर कार्यक्रम असेल तर कापडाइतकंच परवानगीचं बघा. लोहगड भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि 2025 च्या जुलैपासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत "मराठा लष्करी भूदृश्यां"मधल्या 12 किल्ल्यांतला एक. दरवाजांवर, तटावर कापडाच्या पट्ट्या बांधू नका, खिळे ठोकू नका. ध्वज जमिनीला लागता कामा नये, तेव्हा काठी रोवायची जागा आदल्या दिवशी पाहून या. उतरताना कागदाचे, प्लॅस्टिकचे झेंडे पायऱ्यांवर पडलेले दिसतात. पथकातल्या दोघांना त्यासाठीच पिशवी द्या. फाटलेला ध्वज कचऱ्यात जात नाही. त्याला एकांतात, सन्मानाने, शक्यतो जाळून निरोप द्यायचा असतो.

संध्याकाळी घरी आल्यावर ओले फेटे गुंडाळून पिशवीत ठेवू नका, रात्रीतच बुरशी धरते. सावलीत, वाऱ्यावर, पन्हा उलगडून लांब वाळत घाला. पावसात वाळवायची जागा नसेल तर शाळेच्या वर्गात दोरी बांधा. पूर्ण वाळले की गुंडाळ्या करा, घडी नको, घडीच्या रेषेवर मलमल विरतं. मग पथकाच्या वहीत कापडाचा एक वीतभर तुकडा टाचून ठेवा आणि खाली लिहा : कुठून घेतलं, कुणी विणलं, धाग्यांचा हिशेब काय, आटलं किती, रंग गेला का, आणि पुढच्या वर्षी नव्या मुलांसाठी आणखी किती मीटर लागेल.